जुन्या मोठ्या सीआरटीवर जास्त रिझोल्यूशन: आधी अडतंय कुठे ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा: २१ इंची जुना सीआरटी (पिक्चर ट्यूबवाला) मॉनिटर आहे. माहितीपत्रकात १६००×१२०० लिहिलंय, पण कॉम्प्युटर १०२४×७६८ च्या, फार तर १२८०×१०२४ च्या पुढे जात नाही. कधी यादीत पर्यायच दिसत नाही, कधी निवडल्यावर 'आउट ऑफ रेंज' येऊन पडदा काळा होतो, आणि एकदाचं लागलं तर अक्षरं पुसट. यातून मार्ग कसा काढायचा?

या तिन्ही तक्रारींचं मूळ वेगवेगळं आहे, म्हणून औषधही वेगवेगळं. एलसीडीसारखे सीआरटीला मोजून बसवलेले पिक्सेल नसतात. त्याला मर्यादा असतात त्या तीन: सेकंदाला किती आडव्या रेघा ओढता येतात (किलोहर्ट्झ), एका रेघेत किती झपाट्याने उजेड-अंधार बदलता येतो (मेगाहर्ट्झ), आणि काचेमागची जाळी किती बारीक आहे (मिलिमीटर). पहिली ओलांडली तर चित्र येतच नाही. दुसरी ओलांडली तर एकतर कार्ड किंवा अडॅप्टर नकार देतं, नाहीतर चित्र येतं पण धुरकट. तिसरी ओलांडली तर काहीच बिघडत नाही, फक्त वाढवलेल्या पिक्सेलांचा फायदा डोळ्यांना मिळत नाही. तुमच्याकडे यातली कुठली आधी आडवी येतेय हे कळल्याशिवाय केबल बदलण्यात किंवा ड्रायव्हर उलटसुलट करण्यात अर्थ नाही.

किलोहर्ट्झचा हिशोब

मॉनिटरच्या मागची पट्टी किंवा माहितीपत्रक बघा. तिथे 'हॉरिझाँटल ३०–९६ किलोहर्ट्झ, व्हर्टिकल ५०–१६० हर्ट्झ' असं काहीतरी असतं. कमाल रिझोल्यूशनचा आकडा जाहिरातीचा, हा आकडा कामाचा.

एका फ्रेममध्ये दिसणाऱ्या रेघांपेक्षा थोड्या जास्त रेघा असतात, कारण चित्र काढणारा इलेक्ट्रॉनचा झोत खालून परत वर जायला वेळ लागतो. १६००×१२०० च्या प्रमाणित टायमिंगमध्ये, म्हणजे व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने आखून दिलेल्या वेळापत्रकात, एकूण रेघा १२५०. त्यांना रिफ्रेश रेटने (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढलं जातं त्याने) गुणलं की लागणारी वारंवारता मिळते: १२५० × ७५ = ९३,७५० म्हणजे ९३.७५ किलोहर्ट्झ. ९६ वाल्या मॉनिटरवर हे बसतं, ८५ हर्ट्झ मात्र बसत नाही, कारण त्याला १०६.२५ लागतात. तुमचा मॉनिटर ८५ किलोहर्ट्झचा असेल तर उलटा भागाकार करा: ८५,००० ÷ १२५० = ६८. म्हणजे १६००×१२०० मिळेल, पण ६५ हर्ट्झवर (८१.२५ किलोहर्ट्झ). 'आउट ऑफ रेंज' येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. रिझोल्यूशन झेपणारं असतं, पण विंडोज आधीचा ८५ हर्ट्झ रिफ्रेश रेट तसाच पुढे लावायला जातं. आधी रिफ्रेश खाली आणा, मग रिझोल्यूशन वाढवा.

घाईच्या हिशोबासाठी: दिसणाऱ्या रेघांना १.०४ ने गुणा, ती एकूण रेघांची संख्या धरा, आणि किलोहर्ट्झला तिने भागा. काही ठरलेले आकडे हाताशी असू द्यात:

- १२८०×९६०, ६० हर्ट्झ: ६० किलोहर्ट्झ, १०८ मेगाहर्ट्झ
- १४००×१०५०, ७५ हर्ट्झ: ८२.३ किलोहर्ट्झ, १५६ मेगाहर्ट्झ
- १६००×१२००, ७५ हर्ट्झ: ९३.७५ किलोहर्ट्झ, २०२.५ मेगाहर्ट्झ
- १९२०×१४४०, ६० हर्ट्झ: ९० किलोहर्ट्झ, २३४ मेगाहर्ट्झ
- २०४८×१५३६, ६० हर्ट्झ: ९५.३ किलोहर्ट्झ, २६७ मेगाहर्ट्झ

यादीत १२८०×१०२४ मुद्दाम घेतलेलं नाही. ते ५:४ आहे आणि बहुतेक मोठ्या सीआरटींचा पडदा ४:३. पडदाभर ताणलं की वर्तुळं अंड्यासारखी होतात. १२८०×९६० किंवा १४००×१०५० घ्या, डोकेदुखी वाचेल.

शेवटच्या दोन ओळी बघून मोह होतो: ९६ किलोहर्ट्झच्या मॉनिटरवर २०४८×१५३६ चक्क बसतंय! बसतं, पण ६० हर्ट्झवर. २१ इंची पांढऱ्या पडद्यावर ६० हर्ट्झची फडफड, विशेषतः डोळ्याच्या कडेने बघताना, तासाभरात नको म्हणायला लावते. ७५ हर्ट्झवर मिळणारं १६००×१२०० हे ६० हर्ट्झवरच्या १९२०×१४४० पेक्षा कामाला कधीही चांगलं. मोठे आकडे खऱ्या अर्थाने हवे असतील तर मॉनिटरच त्या ताकदीचा लागतो. सोनीचा २४ इंची जीडीएम-एफडब्ल्यू९०० हा १२१ किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि २३०४×१४४० ला ८० हर्ट्झ देतो. मित्सुबिशीचा डायमंड प्रो २०७०एसबी १४० किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि २०४८×१५३६ ला ८५ च्या आसपास देतो.

पडदा ४:३ असला तरी मोड (रिझोल्यूशन आणि रिफ्रेशची जोडी) ४:३ च असला पाहिजे असं नाही. १९२०×१०८० ला ६० हर्ट्झवर फक्त ६७ किलोहर्ट्झ लागतात आणि ७५ हर्ट्झवर सुमारे ८४.६. मॉनिटरच्या मेनूत उंची कमी करून वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवायच्या. रेघा कमी, रुंदी भरपूर. ८५ किलोहर्ट्झवाल्या मॉनिटरला सिनेमासाठी यापेक्षा सोयीचा मोड नाही.

मर्यादेच्या पलीकडे ढकलावं का?

नव्या मॉनिटरांमध्ये मायक्रोकंट्रोलर वारंवारता मोजतो आणि हद्दीबाहेर गेली की झोत बंद करतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या अनेक मॉनिटरांत असा पहारेकरी नाही. तिथे काय घडतं ते समजून घ्या.

झोत डावीकडून उजवीकडे नेणारं योक म्हणजे तारेची गुंडाळी. तिला ठरावीक व्होल्टेज दिलं की प्रवाह वेळेबरोबर सरळ चढत जातो, आणि प्रवाह चढेल तसा झोत सरकतो. ६४ किलोहर्ट्झवर एका रेघेला १५.६ मायक्रोसेकंद मिळतात. तेच व्होल्टेज ठेवून ३१.५ किलोहर्ट्झ दिले तर ३१.७ मायक्रोसेकंद मिळतात, म्हणजे प्रवाह जवळपास दुप्पट चढतो आणि हॉरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टर जळतो. म्हणून एकाच वारंवारतेच्या जुन्या मॉनिटरला जास्तीपेक्षा *कमी* वारंवारता अधिक घातक, हे लोकांच्या लक्षात येत नाही. मल्टिसिंक (अनेक वारंवारता चालवणारा) मॉनिटर हे व्होल्टेज वारंवारतेनुसार वर-खाली करतो आणि सोबत कपॅसिटर बदलतो. मोड बदलताना ऐकू येणारी 'टक' त्या रिलेची.

वरच्या बाजूला वेगळी गोष्ट. ट्रान्झिस्टर दर रेघेला एकदा उघडतो-मिटतो आणि प्रत्येक वेळी थोडी उष्णता सोडतो. रेघा वाढल्या की उष्णता वाढते. शिवाय व्होल्टेज वाढवण्याची हद्द संपली की चित्र दोन्ही बाजूंनी आखडतं. पत्रकातल्या आकड्यापेक्षा एखादा किलोहर्ट्झ जास्त बहुतेक मॉनिटर खपवून घेतात. त्यापलीकडे जाऊ नका. बारीक शिट्टी ऐकू आली, चित्र आक्रसलं किंवा थरथरलं तर लगेच केबल काढा, माऊसने मोड परत फिरवण्यात वेळ घालवू नका.

यादीत मोड का दिसत नाही

मॉनिटर आपली माहिती १२८ बाइटच्या ईडीआयडी नावाच्या नोंदीतून सांगतो. ती व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून जाते. त्या पिना वाकल्या, तुटल्या, किंवा स्वस्त केबलमध्ये मुळात जोडलेल्याच नसतील तर कॉम्प्युटर समोर कोण आहे हे न कळल्याने जपून वागतो आणि १०२४×७६८ वर थांबतो. मागे पाच बीएनसी (गोल, फिरवून बसवायचे कनेक्टर) असलेल्या मॉनिटरला त्या केबलने जोडलं तरी हेच होतं, कारण बीएनसीत माहिती न्यायला तारच नाही. आणि फार जुन्या मॉनिटरात ईडीआयडी नसतंच.

आधी दुसरी, सगळ्या पिना जोडलेली केबल लावून बघा. कनेक्टरमध्ये ९ क्रमांकाची पिन नसणं मात्र अनेकदा मूळचंच असतं, त्याची काळजी नको.

जुन्या विंडोजमध्ये मॉनिटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'हा मॉनिटर दाखवू शकत नाही ते मोड लपवा' अशा अर्थाची चौकट असते. तिची खूण काढली की यादी लांबते. मॉनिटरची आयएनएफ फाइल मिळाली तर तीच बसवा, तिच्यात वारंवारतांच्या हद्दी लिहिलेल्या असतात. त्या काळात टायमिंग हाताने घडवायला पॉवरस्ट्रिप वापरत. आताच्या विंडोजवर कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी म्हणजे सीआरयू. ती मॉनिटरला हात लावत नाही. रजिस्ट्रीत बदललेलं ईडीआयडी ठेवते आणि ड्रायव्हर ते खरं मानतो. त्यात 'रेंज लिमिट्स' आधी भरा, मग मोड टाका, मग सोबत येणाऱ्या रीस्टार्ट फाइलने ड्रायव्हर पुन्हा सुरू करा. पडदा काळाच राहिला तर सेफ मोडमध्ये जाऊन तिचीच रीसेट फाइल चालवायची. ती आधीच डेस्कटॉपवर ठेवलेली असेल तर अंधारात शोधावी लागत नाही.

लिनक्सवर एक्स सर्व्हर असेल तर एक्सरँडरने नवा मोड तयार करायचा, आउटपुटला जोडायचा आणि लावायचा, असे तीन टप्पे. पुन्हा लॉगिन केल्यावर हे पुसलं जातं, म्हणून सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ठेवा. वेलँडवर हा मार्ग चालत नाही. तिथे बहुतेकदा कर्नलला सुरू होतानाच ईडीआयडीची फाइल द्यावी लागते.

एक फसवणूक ओळखायला शिका. काही ड्रायव्हर मोठं रिझोल्यूशन 'लागलं' असं दाखवतात, पण प्रत्यक्षात चित्र आकसून जुन्याच मोडमध्ये पाठवतात, किंवा डेस्कटॉप मोठा करून माऊस कडेला नेल्यावर सरकवतात. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत किलोहर्ट्झ आणि हर्ट्झ दिसतात. १६००×१२०० ला ७५ हर्ट्झ निवडल्यावर तिथे ९३.७ च्या आसपास आकडा दिसला तरच खरं.

स्वतःचं टायमिंग घडवताना

मोडलाइनमध्ये, म्हणजे मोड लिहायच्या एका ओळीत, क्रम असा: पिक्सेल क्लॉक (सेकंदाला किती पिक्सेल जातात, मेगाहर्ट्झमध्ये), मग आडवे चार आकडे (दिसणारे पिक्सेल, सिंकची म्हणजे नवी रेघ सुरू करायच्या इशाऱ्याची सुरुवात, सिंकचा शेवट, एकूण), मग उभे चार त्याच क्रमाने, शेवटी सिंकची ध्रुवता. १६००×१२००, ७५ हर्ट्झचं प्रमाणित टायमिंग:

२०२.५० – १६०० १६६४ १८५६ २१६० – १२०० १२०१ १२०४ १२५० – दोन्ही सिंक धन

हे तोंडी तपासता येतं: २०२.५ मेगाहर्ट्झ ÷ २१६० = ९३.७५ किलोहर्ट्झ; ÷ १२५० = ७५ हर्ट्झ. आता महत्त्वाचा भाग. २१६० मधून १६०० गेले की ५६० पिक्सेल उरतात, आणि ५६० ÷ २०२.५ = २.७७ मायक्रोसेकंद. झोताला उजव्या कडेवरून डाव्या कडेला परतायला मिळणारा वेळ तो एवढाच. मोठ्या सीआरटीला साधारण अडीच ते तीन मायक्रोसेकंद लागतात. त्यापेक्षा कमी दिले तर झोत परतत असतानाच चित्र सुरू होतं आणि डावी कड घडी पडल्यासारखी स्वतःवरच दुमडते, किंवा त्या जागी फिकट पट्टा दिसतो.

म्हणूनच टायमिंग तयार करणाऱ्या साधनात 'रिड्यूस्ड ब्लँकिंग' (ब्लँकिंग म्हणजे झोत परतण्यासाठी सोडलेली रिकामी जागा) कधीही निवडू नका. ते सपाट पडद्यांसाठी आहे; आडव्या दिशेला फक्त १६० पिक्सेल सोडतं, म्हणजे जेमतेम एक मायक्रोसेकंद. सीआरटीसाठी जीटीएफ किंवा साधं सीव्हीटी ही टायमिंग काढायची सूत्रं घ्या. टीव्हीच्या १०८०पी टायमिंगमध्येही हाच सापळा आहे: १४८.५ मेगाहर्ट्झ, एकूण २२००, उरले २८०, वेळ १.८९ मायक्रोसेकंद. कॉम्प्युटर आपणहून हे टायमिंग देतो आणि कड दुमडली की दोष मॉनिटरवर येतो. एकूण २४०० करा, क्लॉक १६२ मेगाहर्ट्झ होईल, मोकळा वेळ २.९६ मायक्रोसेकंद. रेघांचा वेग तोच, ६७.५ किलोहर्ट्झ, आणि कड सरळ.

ब्लँकिंग कापून काय मिळतं याबद्दल बराच गोंधळ दिसतो. आडवं ब्लँकिंग कापलं की *मेगाहर्ट्झ* वाचतात, किलोहर्ट्झ नाही. उभं कापलं की किलोहर्ट्झ वाचतात, पण किती? १६००×१२०० मध्ये ५० रेघांचं उभं ब्लँकिंग म्हणजे ५३३ मायक्रोसेकंद. ते ४२ रेघांवर आणलं तर वारंवारता अर्धा-पाऊण टक्क्याने उतरते. तेवढ्यासाठी वरच्या कडेची वाकडी रेघ ओढवून घेऊ नये. मॉनिटर किलोहर्ट्झला अडत असेल तर सरळ रिफ्रेश कमी करा.

आणखी एक जुनी वाट इंटरलेसची: एका फेरीत विषम रेघा, दुसरीत सम. ८५ किलोहर्ट्झच्या मॉनिटरवर १९२०×१४४० इंटरलेस केलं तर सेकंदाला ११० च्या आसपास अर्ध्या फ्रेम मिळतात. फोटो आणि चित्रपट छान दिसतात. पण एक पिक्सेल जाडीच्या आडव्या रेघा थरथरतात, त्यामुळे अक्षरांसाठी ही वाट निरुपयोगी. शिवाय पिक्सेल क्लॉक यानेही २२० मेगाहर्ट्झच्या घरात राहतो आणि अनेक नव्या कार्डांनी इंटरलेस काढूनच टाकलंय.

चित्र एका बाजूला सरकलेलं असेल आणि मॉनिटरच्या मेनूतली मर्यादा संपली असेल तर सिंकची सुरुवात आणि शेवट दोन्ही ८-८ पिक्सेलांनी हलवा, एकूण आकडा तसाच ठेवा. सिंक उशिरा नेली की चित्र डावीकडे जातं.

कार्ड आणि अडॅप्टर

ॲनालॉग आउटपुट असलेलं कार्ड मिळालं तर प्रश्नच मिटतो. २००२ नंतरच्या बहुतेक कार्डांत ४०० मेगाहर्ट्झचा रॅमडॅक (आकड्यांचा ॲनालॉग सिग्नल करणारा भाग) असतो, तो २०४८×१५३६ ला ८५ हर्ट्झवरही पुरतो. एनव्हिडियात जीटीएक्स ९०० मालिकेपर्यंत, म्हणजे २०१५ च्या ९८० टीआयपर्यंत, डीव्हीआय-आय पोर्टातून ॲनालॉग मिळतं. २०१६ च्या १००० मालिकेपासून ते गेलं. एएमडीने २०१३ च्या आर९ २९० मध्येच ते काढलं. पोर्ट ओळखायची खूण सोपी: सपाट पात्याभोवती चार भोकं असतील तर ॲनालॉग आहे, नुसतं पातं असेल तर नाही. भोकं नसलेल्या पोर्टात घुसवण्यासाठी कनेक्टरच्या पिना कापणारे महाभाग असतात. त्याने सिग्नल येत नाही, कनेक्टर मात्र जातो.

नवं कार्ड असेल तर अडॅप्टर. स्वस्त एचडीएमआय ते व्हीजीए बहुधा १६५ मेगाहर्ट्झच्या आसपास थांबतात, म्हणजे १६००×१२०० ला ६० हर्ट्झ (१६२ मेगाहर्ट्झ) आणि बस्स. मोठ्या रिझोल्यूशनसाठी डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए घ्या, आणि घेताना किती लेन (डेटाच्या समांतर वाटा) वापरतो ते बघा. दोन लेन आणि २.७ गिगाबिटचा वेग असेल तर कोडिंगचा पाचवा हिस्सा वजा जाता ४.३२ गिगाबिट उरतात. त्यांना प्रत्येक पिक्सेलच्या २४ बिटांनी भागलं की १८० मेगाहर्ट्झ. चार लेनवाल्यात त्याच वेगाने वाहतूक दुप्पट, ३६० पर्यंत. पुढे आतली चिप किती झेपवते त्यावर.

तुमच्याकडे १८० वालाच आहे? मग आडवं ब्लँकिंग कापायची युक्ती इथे कामाला येते. १६००×१२००, ७० हर्ट्झचं प्रमाणित टायमिंग १८९ मेगाहर्ट्झ मागतं. एकूण पिक्सेल २१६० ऐवजी २०५६ करा:

१७९.९० – १६०० १६४८ १८१६ २०५६ – १२०० १२०१ १२०४ १२५० – दोन्ही सिंक धन

८७.५ किलोहर्ट्झ, ७० हर्ट्झ, आणि परतीला २.५३ मायक्रोसेकंद. डावी कड दुमडली नाही तर ६० च्या जागी ७० हर्ट्झ पदरात पडले.

मोड लागला, पण चित्र पुसट

इथे अंदाजाने पैसे घालवू नका, एक चाचणी करा. चित्र काढायच्या कुठल्याही प्रोग्राममध्ये दोन चौकोन शेजारी-शेजारी बनवा. एकात एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा *उभ्या* रेघा, दुसऱ्यात तशाच *आडव्या*. दोन पावलं मागे जाऊन बघा. दोन्ही चौकोन सारखेच करडे दिसले तर सिग्नल निर्मळ येतोय. उभ्या रेघांचा चौकोन गडद दिसला तर मेगाहर्ट्झ कमी पडताहेत: प्रत्येक पिक्सेलला व्होल्टेज पूर्ण वर-खाली जायला वेळच मिळत नाही, ते मधेच घुटमळतं, आणि पिक्चर ट्यूबच्या गॅमामुळे अर्ध्या व्होल्टेजला अर्धा नव्हे तर पाव-पंचमांश उजेड मिळतो. आडव्या रेघांत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे बदल रेघेगणिक एकदाच होतो.

आता तीच चाचणी कमी रिझोल्यूशनवर करा. तिथे दोन्ही चौकोन जुळले तर मर्यादा कार्ड, केबल आणि मॉनिटरचा व्हिडिओ अँप्लिफायर यांपैकी कुणाची तरी आहे. सर्वांत स्वस्त संशयित केबल, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

केबलचा दोष छायेवरून कळतो. काळ्या अक्षराच्या उजवीकडे फिकट दुसरं अक्षर दिसतं ना, तो परावर्तित सिग्नल. तारेत सिग्नल मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद घेतो. २ मीटरच्या केबलमध्ये मॉनिटरकडून परत फिरून पुन्हा येईपर्यंत २० नॅनोसेकंद. १६००×१२००, ७५ हर्ट्झला एक पिक्सेल ४.९ नॅनोसेकंदांचा, म्हणजे छाया बरोबर चार पिक्सेल उजवीकडे. छायेचं अंतर मोजा: केबलच्या लांबीशी जुळलं तर दोष केबलच्या टोकांशी आहे. मधे एक्स्टेंशन, स्विच बॉक्स किंवा कनव्हर्टर असेल तर तो आधी काढा, प्रत्येक सांधा एक आरसा असतो. लाल, हिरवा, निळा या तिघांसाठी वेगळी ७५ ओमची कोअ‍ॅक्शियल तार असलेली, दीड-दोन मीटरचीच केबल घ्या. मॉनिटरला बीएनसी असतील तर त्याच वापरा. व्हीजीएचा कनेक्टर स्वतःच ७५ ओमचा नसतो, बीएनसी असतो. मागे ७५ ओम आणि हाय असा स्विच असेल तर तो ७५ वर हवा. 'हाय'वर राहिला तर चित्र भगभगीत पांढरं आणि छायांनी भरलेलं येतं.

केबल बदलूनही उभ्या रेघा गडदच असतील तर अँप्लिफायर तेवढाच आहे. एक पायरी खाली उतरा.

दोन्ही चौकोन जुळतात, तरी अक्षरं मऊ दिसतात? मग जाळी किंवा फोकस. २१ इंची मॉनिटरचा दिसणारा कर्ण १९.८ इंच, रुंदी सुमारे ४०२ मिलिमीटर. ०.२५ मिमीच्या उभ्या पट्ट्यांच्या, म्हणजे ट्रिनिट्रॉन पद्धतीच्या ट्यूबमध्ये पट्ट्यांचे सुमारे १६०० संच मावतात. ठिपक्यांच्या जाळीवर लिहिलेला ०.२८ हा तिरका मोजलेला असतो, आडवा ०.२४ पडतो, म्हणजे त्याच रुंदीत साधारण १६५० रकाने. २१ इंचीवर १६००×१२०० ही जाळीची स्वाभाविक हद्द आहे ती यामुळे. त्यापुढे चित्र तुटत नाही, फक्त तपशील एकमेकांत मिसळतात. वर आलेल्या एफडब्ल्यू९०० चीच गंमत बघा: मधे ०.२३ आणि कडेला ०.२७ मिमीच्या पट्ट्या धरल्या तर २३०४ पिक्सेलांना पुरतील इतके संच त्याच्याकडेही नाहीत.

फोकसची गोष्ट वेगळी, कारण तो सुधारता येतो. मॉनिटर अर्धा तास तापू द्या, मग कॉन्ट्रास्ट १००-वरून ७० च्या आसपास आणून बघा. झोतात प्रवाह जास्त तितका त्याचा ठिपका मोठा, त्यामुळे कॉन्ट्रास्ट उतरवला की अक्षरं आपोआप रेखीव होतात. अनेकांचं काम एवढ्यावरच भागतं. लाल-निळ्या कडा दिसत असतील तर मेनूतलं कन्व्हर्जन्स (तिन्ही रंग एका जागी जुळवणं) आधी लावा; तो फोकसचा दोष नव्हे.

आतला फोकस फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरवरच्या पिळांनी लागतो. एक किंवा दोन पीळ फोकसचे, एक स्क्रीनचा. स्क्रीनचा पीळ फिरवला की सगळा पडदा उजळतो आणि परतीच्या तिरक्या रेघा दिसू लागतात. तो चुकून हलला असेल तर तिथेच थांबून परत आणा. हे समायोजन मॉनिटर चालू असताना करावं लागतं, आणि आत सुमारे २५,००० व्होल्ट असतात. प्लास्टिकचा पेचकस, एक हात पाठीमागे, अंगठी-घड्याळ काढलेली, आणि जवळ दुसरं माणूस. सवय नसेल तर हे काम सीआरटी दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये विद्युतभार राहतो, त्यामुळे रबरी टोपीखाली बोट घालायचं नाही. फोकस मधोमध लावला तर कडा मऊ पडतात, कडांना लावला तर मधला भाग; मधला भाग आणि कड यांच्या अर्ध्या वाटेवरचं अक्षर बघून लावा.

वर्कस्टेशनचे मॉनिटर

सन, एसजीआय या कंपन्यांच्या वर्कस्टेशनसोबतचे, म्हणजे व्यावसायिक कामाच्या ताकदवान कॉम्प्युटरांसोबतचे, मोठे मॉनिटर बरेचदा एका-दोन वारंवारतांनाच बांधलेले असतात. सनचा ११५२×९०० हा मोड ६६ हर्ट्झवर ६१.८ किलोहर्ट्झ घेतो, ७६ हर्ट्झवर ७१.७. अशा मॉनिटरला इतरत्र वापरायचं तर त्याच किलोहर्ट्झमध्ये बसणारा मोड घडवावा लागतो; रेघा वाढवा, रिफ्रेश कमी करा, गुणाकार तोच ठेवा. पण कॉम्प्युटर सुरू होताना ३१.५ किलोहर्ट्झचा मजकूर पाठवतो, आणि त्याचा धोका वर सांगितलाच आहे. म्हणून सुरुवातीला दुसऱ्या मॉनिटरवर काम करा, आपला मोड लागला की मगच याची केबल जोडा.

अशा यंत्रांच्या १३डब्ल्यू३ कनेक्टरचं अडॅप्टर घेताना ते सनचं की एसजीआयचं हे विचारा. आकार एकच, लहान पिनांची जोडणी वेगळी. काही मॉनिटरना सिंक हिरव्या रंगावरूनच हवी असते. कार्ड तशी देत नसेल तर सिंक मिसळणारं सर्किट मधे लागतं. उलट, कार्ड हिरव्यावर सिंक देतंय आणि मॉनिटरला ती नकोय, तर सगळं चित्र हिरवट दिसतं.

मोड पक्का झाल्यावर आकार, जागा आणि भूमिती पुन्हा लावावी लागते. मॉनिटर प्रत्येक मोडची मापं वेगळी साठवतो, पण मोड ओळखतो तो रिझोल्यूशनवरून नव्हे, तर किलोहर्ट्झ, हर्ट्झ आणि सिंकच्या ध्रुवतेवरून. दोन मोड या तिन्हींत जवळजवळ सारखे असतील तर एक लावला की दुसरा बिघडतो. एकाची उभी सिंक ऋण करून टाका; मॉनिटर त्याला नवा मोड समजतो आणि वेगळा कप्पा देतो.

चित्र एका लयीत हळूहळू पोहतंय असं वाटलं तर जवळचा ट्रान्सफॉर्मर किंवा स्पीकर हलवा. तो हलवण्याजोगा नसेल तर रिफ्रेश रेट विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झपासून लांब न्या, म्हणजे पोहणं इतकं जलद होतं की नजरेला जाणवत नाही. आणि उभ्या पट्ट्यांच्या ट्यूबवर, वरून आणि खालून साधारण एक-तृतीयांश अंतरावर, केसाएवढ्या दोन फिकट आडव्या रेघा दिसतील. जास्त रिझोल्यूशनच्या पांढऱ्या पडद्यावर त्या अधिकच नजरेत भरतात. पट्ट्या थरथरू नयेत म्हणून ताणलेल्या तारांची ती सावली आहे. त्या कुठल्याही मोडने, केबलने किंवा पिळाने जाणार नाहीत.